सोमवारी अर्धं शटर: माझ्या मुलाची कटिंग करणाऱ्या काकांच्या सलूनचा रिव्ह्यू

नाशिकला सिडकोत आमच्या मागच्या गल्लीत एक साधं जेन्ट्स सलून आहे, दोन खुर्च्या, एक बाकडं, काका आणि त्यांचा पुतण्या. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. काकांनीच सांगितलं की ताई नाव टाकू नका, सोमवारी लाईन लागली तर एका पोराला तासभर द्यायला मला जमायचं नाही. पटलं मला. तरी रिव्ह्यू लिहितेय कारण काका जे करतात ते तुमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला पण जमेल, त्याला फार पैसे लागत नाहीत, फक्त काय मागायचं ते आपल्याला माहीत पाहिजे आणि मला ते पाच वर्षं माहीत नव्हतं.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. बोलतो मोजकं, बरेचदा आपलंच शेवटचं वाक्य परत म्हणतो. तिसऱ्या वर्षी जावळ काढलं तेव्हा आम्हाला ऑटिझम हा शब्दही माहीत नव्हता. मामाच्या मांडीवर बसवलं, चौघांनी धरलं, पोरगं इतकं रडलं की शेवटी उलटी झाली, आणि सगळे म्हणत होते की जावळाला सगळीच मुलं रडतात. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी निदान सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा ते जावळच आठवलं.

त्यानंतर दोन वर्षं मी त्याचे केस रात्री झोपेत कापले. नाईट लॅम्पच्या उजेडात, एका कुशीवर असताना एक बाजू, दुसऱ्या कुशीवर वळला की दुसरी, कधी दुसरी बाजू दुसऱ्या रात्री. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगते की अशा वेळी कात्रीचा आवाज किती मोठा असतो ते रात्री अडीचला कळतं.

मग कोणीतरी सुचवलं म्हणून मॉलमधल्या एका लहान मुलांच्या सलूनमध्ये नेलं. गाडीच्या आकाराची खुर्ची, प्रत्येक खुर्चीसमोर कार्टून, वर गाणी, चारही बाजूंनी आरसे आणि लाईट, स्प्रेचा वास. सगळं मुलांसाठीच केलेलं होतं आणि बहुतेक मुलांना ते आवडतही असेल. माझ्या मुलाने दारातच कान झाकले. मी सांगितलं की ऑटिझम आहे, जरा आवाज कमी करता का, तर उत्तर आलं की मॅडम बाकीच्या कस्टमरला चालणार नाही, तुम्ही त्याला घट्ट धरा पाच मिनिटात करतो. मी धरलं. ते मी आजही विसरले नाहीये. अर्धे केस कापून झाल्यावर म्हणाले की दुसरी मुलं घाबरतायत, आता राहू द्या. अर्ध्या डोक्याने बाहेर आलो आणि पार्किंगमध्ये तो पाऊण तास गाडीच्या सीटखाली बसला होता.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात ऑटिझम स्पष्ट लिहिलेला आहे (१९९५ च्या जुन्या कायद्याच्या यादीत नव्हता) आणि माणसाच्या गरजेप्रमाणे योग्य ते बदल करून देणं ही कल्पनाही त्यात आहे. युडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) माझ्या पर्समध्येच होतं. पण त्या वेळी लेकराला सावरायचं की काउंटरवर कायदा सांगायचा? कार्ड बाहेर काढायचं सुचलंसुद्धा नाही मला.

आता काकांकडे येते.

ह्यांची दाढी करायला गेलो होतो, मी आणि मुलगा बाहेर पायरीवर. आत कोपऱ्यात जुना टेबल फॅन होता, मुलाला फिरणारं काहीही आवडतं, तो हळूहळू दारापर्यंत गेला आणि फॅनकडे बघत उभा राहिला. काकांनी त्याचे माझ्या हातचे वाकडेतिकडे केस बघितले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, आज कापायचं नाही. नुसतं बसू दे त्याला फॅनजवळ. आणि त्याला काय काय आवडत नाही तेवढं मला सांगा." इतक्या वर्षांत हा प्रश्न मला थेरपीच्या बाहेर कोणी विचारला नव्हता. मी तिथे उभ्या उभ्या सांगत गेले आणि ते ह्यांच्या गालावर साबण तसाच ठेवून ऐकत होते. मशीनचा आवाज, मानेवर टोचणारे केस, तोंडावर पाण्याचा फवारा, पावडरचा वास, मागून अचानक हात लागणं, गर्दी, टीव्ही, ट्यूबलाईट.

काका म्हणाले, सोमवारी या. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणजे आपल्याकडे बहुतेक सलूनं बंद असतात, तो त्यांचा हक्काचा सुट्टीचा दिवस. दुपारी दोनला त्यांनी शटर अर्धं वर केलं, आम्हाला वाकून आत घेतलं आणि परत खाली ओढलं. आमच्या सासूबाईंचा आधी विरोध होता की सोमवारी केस कापू नयेत, मग त्याच म्हणाल्या की जाऊ दे, महादेव समजून घेईल. सुरुवातीला दर सोमवारी गेलो, आता दर महिना दीड महिन्याला एक सोमवार आमचा.

पहिल्या सोमवारी कात्री बाहेरच काढली नाही. मुलगा फॅनजवळ बसला, काका बाकड्यावर पेपर वाचत बसले. दुसऱ्या सोमवारी खुर्चीच्या हातांवर ती लाकडी फळी टाकली, लहान मुलांना उंच बसवायची असते ती. मुलगा तिला हात लावून आला, बसला नाही, काका काही बोलले नाहीत. तिसऱ्या सोमवारी बसला. चौथ्याला कंगवा. पाचव्याला कात्री, पण डोक्यापासून लांब, नुसती हवेत चालवून दाखवली आणि मग त्याच्या हातात दिली (बोथट, पोरं खेळायला वापरतात ती). सहाव्या सोमवारी पहिल्यांदा केस कापले, फक्त मागचे. म्हणजे दीड महिना या माणसाने सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून एक रुपयाही न घेता माझ्या मुलाला फळीवर बसायला शिकवलं.

या मधल्या काळात आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी एक फोटोंची गोष्ट करून दिली. सोशल स्टोरी म्हणतात तिला, कॅरोल ग्रे नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने १९९१ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली. मुलाला पुढे काय होणार आहे ते त्याला कळेल अशा क्रमाने सांगायचं, बस. आमच्या गोष्टीत आठ फोटो आहेत आणि शेवटचा सोडून सगळे त्याच दुकानातले: अर्धं शटर, फॅन, फळी, कापड, कंगवा, कात्री, ब्रश आणि शेवटचा आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीचा. काकांनी फोटोसाठी कंगवा हातात धरून इतकं सरळ तोंड केलंय की बघूनच बरं वाटतं. एक प्रत आमच्या फ्रीजवर, एक दुकानात आरशाला चिकटवलेली. एकेक गोष्ट झाली की मुलगा तो फोटो वेल्क्रोवरून काढून काकांच्या खिशात टाकतो.

रसवंतीचं सांगायलाच पाहिजे. मिक्सर आणि कुकरची शिट्टी याने बेडरूममध्ये पळणारा मुलगा रसवंतीच्या घुंगरांचा आवाज ऐकायला वीस मिनिटं उभा राहतो. लोकांना वाटतं की आवाज सहन होत नाही म्हणजे सगळेच नाही होत, तसं नसतं. कुठला आवाज टोचतो आणि कुठला सुखाचा वाटतो ते प्रत्येक मुलाचं वेगळं असतं आणि ते मुलाला बघूनच शिकावं लागतं. आवाज, स्पर्श, प्रकाश यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत अधिकृतपणे आलं ते २०१३ मध्ये, डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत. त्याच्या आधी किती मुलांना हट्टी आणि लाडावलेलं म्हणून फटके बसले असतील याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

काकांनी दुकानात काय बदललं ते लिहिते, कारण हेच सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

मशीन पूर्ण बंद. फक्त कात्री आणि कंगवा. मशीन कानामागच्या हाडाला टेकली की तिचा आवाज हवेतून नुसता येत नाही, हाडातून थेट आत जातो, म्हणून कानात कापूस घालून फारसा फायदा होत नाही. हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं, काकांनी मात्र ते न शिकताच ओळखलं होतं, म्हणाले की मला पण माझ्या डोक्यात ती घुरघुर आवडत नाही.

खुर्ची फिरवून आरशाकडे पाठ. समोर फॅन.

ट्यूबलाईट बंद. जुनी चोकवाली होती, ती गुणगुणते आणि हलकीशी थरथरते, आपल्या लक्षात येत नाही पण काही मुलांना तोच त्रास असतो. दुपारी शटरखालून येणारा उजेड आणि एक साधा एलईडी बल्ब पुरतो.

ते चकचकीत नायलॉनचं कापड नाही, त्याऐवजी ह्यांचा जुना कॉटनचा शर्ट उलटा घालतो, बटणं मागे. मानेभोवती घट्ट काही नाही. थोडे केस आत जातात, त्याला इलाज नाही, घरी जाऊन सरळ आंघोळ.

फवारा नाही. काका हात ओले करून केसांवर ठेवतात, आधी सांगून.

आणि चंपी. ही माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट आहे. कात्री हातात घेण्याआधी काका पाच मिनिटं त्याच्या डोक्याला नुसती चंपी करतात, तेल न लावता, तळव्याने दाबून, वरून खाली, कपाळापासून मानेपर्यंत, एकाच लयीत. मी पहिल्यांदा घाबरले होते कारण हा मुलगा डोक्याला हात लावू देत नाही. पण हलका हात आणि दाबाचा हात यात जमीन अस्मानाचा फरक असतो. हलका स्पर्श अशा बऱ्याच मुलांना गुदगुल्यांसारखा, झिणझिण्यांसारखा वाटतो आणि दाबाचा स्पर्श शांत करतो. टेम्पल ग्रँडिन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या शास्त्रज्ञ बाईंनी तरुणपणी स्वतःसाठी अंगाला दोन्ही बाजूंनी दाब देणारं एक यंत्रच बनवलं होतं. आमच्या काकांनी हे काही वाचलेलं नाही, त्यांना फक्त इतकं माहीत की चंपी केली की माणूस सैल पडतो. तिसऱ्या मिनिटाला मुलाचे खांदे खाली येतात. मी दर वेळी ते खांदे बघते.

मग मोजणी. काका मोठ्याने मोजतात, एक, दोन, तीन, प्रत्येक आकड्याला एक कात्री, दहा झाले की म्हणतात "थांबा" आणि कात्री आरशासमोरच्या फळीवर ठेवून देतात, दोन्ही हात वर करून दाखवतात. मग मुलगा फॅन बघतो. मग परत दहा. असे आधी सहा दहे व्हायचे, आता वीस होतात.

चौथ्या कटिंगची गोष्ट. सहावर असताना मुलगा एकदम म्हणाला, "थांबा." स्वतःहून. काकांनी त्या क्षणी कात्री खाली ठेवली, सातवा आकडा तोंडातून निघाला होता तो पण अर्धा सोडला. मुलगा त्यांच्या हातांकडे बघत राहिला. थोड्या वेळाने परत म्हणाला, "एक." म्हणजे करा सुरू. दोन आकडे झाले, "थांबा." काका थांबले. परत "एक." परत "थांबा." असं दहा बारा वेळा केलं त्याने, केस काही फारसे कापले गेले नाहीत त्या दिवशी, पण मी बाकड्यावर बसून रडत होते कारण मला दिसत होतं की तो तपासून बघतोय, मी थांबा म्हटल्यावर हा माणूस खरंच थांबतो का. जावळापासून त्या दिवसापर्यंत त्याच्या डोक्याशी कोणीच थांबलं नव्हतं, मी सुद्धा नाही. काका एकदाही वैतागले नाहीत, पुतण्या म्हणाला काका तो खेळतोय, तर त्याला म्हणाले, "खेळू दे, त्याचं डोकं आहे."

त्यानंतर शाळेत पण तो "थांबा" म्हणायला लागला. आधी ढकलायचा किंवा चावायचा.

आता कमतरता पण लिहिते. दुकानाला तीन उंच पायऱ्या आहेत, व्हीलचेअरवाल्या मुलाला अवघड जाईल. जागा अगदी छोटी, आई किंवा बाबा एकानेच आत जायचं. एसी नाही, मे महिन्यात दुपारी दोनला पत्रा तापलेला असतो, तेव्हा आम्ही सकाळी साडेसातला जातो. फोन काका कधी उचलत नाहीत, प्रत्यक्ष जाऊन वेळ ठरवावी लागते. आणि कटिंग एकसारखी येईलच असं नाही, मुलगा जिथे थांबा म्हणाला तिथे थांबलं, एकदा डावी बाजू लांब राहिली तशीच पंधरा दिवस शाळेत गेली. मला चालतं. ज्यांना फोटोतल्यासारखी स्टाईल हवी त्यांना चालणार नाही.

सगळ्यात मोठा त्रास शेजारच्या गॅरेजचा. सोमवारी ते उघडं असतं. गेल्या वर्षी काका कानाजवळचे केस घेत असताना शेजारी बुलेट सुरू झाली, सायलेन्सर काढलेली, आणि मुलगा फळीवरून उसळलाच. काकांची एक सवय आहे, कानाजवळ कापताना डाव्या हाताची दोन बोटं कायम कान आणि कात्रीच्या मध्ये ठेवतात. कात्री त्यांच्या बोटाला लागली, चांगलीच लागली, पण मुलाच्या कानाला काही झालं नाही. मी डेटॉल शोधत होते आणि काका रक्ताचं बोट तोंडात घालून मुलाला दुसऱ्या हाताने दाखवत होते की बघ, थांबलो, थांबलो. तो सोमवार तिथेच संपला. पुढचे दोन सोमवार तो पायरीच चढला नाही.

काकांनी काय केलं, गॅरेजवाल्याकडे गेले आणि आरशावरचे ते आठ फोटो त्याला दाखवून सगळं सांगितलं. भांडले नाहीत. आता दोन ते तीन गॅरेजवाला गाडी रेस करत नाही, पान्ह्याची कामं करतो, आणि आम्ही बाहेर पडलो की हात करून विचारतो, झालं का? तरी मी कानावर लावायचे इअरमफ बरोबर ठेवते. आत येताना आणि चंपीपर्यंत लावतो, कानाच्या बाजूला आलं की काढावेच लागतात. (इअरमफ घेताना बॉक्सवरच्या आकड्यावर फार जाऊ नका, एनआरआर म्हणून जो आकडा असतो त्यातून सात वजा करून निम्मा करा, प्रत्यक्षात साधारण तेवढाच आवाज कमी होतो असं धरायचं. आणि दिवसभर लावून ठेवू नका, सवय लागली की साधे आवाज पण जास्त टोचायला लागू शकतात, हे थेरपिस्टला विचारून ठरवा.)

पैसे. साध्या कटिंगचे शंभर. सोमवारी दुकान उघडतात, तासभर देतात, तरी शंभरच घेत होते. मी तीनशे ठेवले तर दोनशे परत मुलाच्या खिशात घातले. शेवटी ह्यांनी तोड काढली, ते स्वतःची दाढी कटिंग महिन्यातून चारदा तिथेच करतात आणि बिल्डिंगमधल्या सहा जणांना तिकडे वळवलंय.

तुमच्या सलूनवाल्याशी बोलायचं असेल तर माझ्या अनुभवावरून सांगते, दुकान रिकामं असेल तेव्हा आधी मुलाला न घेता एकट्याने जा. ऑटिझम म्हणजे काय ते लांबलचक सांगत बसू नका, काय टोचतं ते तीन चार गोष्टींत सांगा. पहिल्या दोन खेपा केस कापायचेच नाहीत हे आधीच ठरवा आणि त्या वेळेचे पैसे द्या, ते नको म्हणाले तरी विचारा. एक जण नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जा, मी पण चार ठिकाणी नाही ऐकलंय. आणि "धरा त्याला" म्हणणारा कितीही हुशार कारागीर असला तरी तिथून निघा, अर्ध्या डोक्याने निघालात तरी चालेल.

रेटिंग पाचपैकी पाच, पायऱ्या आणि पत्रा धरून.

परवाच्या सोमवारी एकवीस दहे झाले, शेवटच्या दह्याला मोजणी मुलाने केली आणि काका नुसती कात्री चालवत होते. नऊ म्हटल्यावर त्याने स्वतःच दहा आणि थांबा एका दमात म्हटलं, ब्रशचा फोटो काकांच्या खिशात टाकला आणि रसवंतीचा फोटो हातात घेऊन शटरखालून वाकून निघाला सुद्धा, चप्पल घालायची राहिली ती मी घेऊन मागे पळाले.